ॲम्फोटेरिसिन ते इसावुकोनॅझोल: बेळगाव-निपाणी पट्ट्यासाठी बुरशीविरोधी औषधांचा परखड आढावा

किमोथेरपी चालू असलेला, मूत्रपिंड बदललेला, महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतलेला, एचआयव्हीत सीडी-४ (प्रतिकार करणाऱ्या पेशी) खाली गेलेला किंवा शुगर चारशेच्या खाली यायलाच तयार नसलेला रुग्ण. अशाच्या अंगात बुरशी शिरली की घरच्यांच्या हातात औषधाची चिठ्ठी पडते आणि पहिला प्रश्न येतो, ‘यातलं सगळ्यात भारी औषध कोणतं?’ या प्रश्नाला उत्तर नाही. बुरशी कोणती, ती बसली कुठे, रुग्णाची किडनी कशी आहे आणि तो आणखी कोणत्या गोळ्या घेतो, या चार गोष्टी कळल्याशिवाय कुठलंही औषध भारी नसतं आणि हलकंही नसतं. महागातलं महाग इंजेक्शन चुकीच्या बुरशीवर गेलं तर ते सलाइनच्या पाण्याइतकंच निरुपयोगी. आम्ही हा आढावा तालुक्याच्या रुग्णालयातले डॉक्टर, वॉर्डातल्या सिस्टर आणि औषध दुकानदार यांना डोळ्यासमोर ठेवून लिहितो आहोत. नातेवाइकांनीही वाचावा, पण डोस ठरवणं उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडेच ठेवावं.

आमचा निकाल आधीच सांगतो. म्युकर, ॲस्परजिलस, कँडिडा, क्रिप्टोकॉकस ही बुरश्यांची नावं; म्युकर म्हणजे लोक जिला काळी बुरशी म्हणतात ती. म्युकरचा नुसता संशय असला तरी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन. फुफ्फुसातला ॲस्परजिलस पक्का झाला असेल तर व्होरिकोनॅझोल, आणि त्याचं जमत नसेल तर इसावुकोनॅझोल. रक्तात कँडिडा सापडला तर कॅस्पोफंगिन किंवा त्याची भावंडं. मेंदूच्या आवरणात क्रिप्टोकॉकस असेल तर ॲम्फोटेरिसिन, फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल हे त्रिकूट. हे सगळं कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. आपल्या भागात खरी गाडी अडते ती औषध देण्याच्या पद्धतीत, म्हणून जास्त शब्द तिकडेच खर्च करतो.

ॲम्फोटेरिसिन-बी हे १९५०च्या दशकातलं औषध, मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं. बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला ते चिकटतं आणि आवरणाला भोकं पाडतं. म्युकर, कँडिडा, क्रिप्टोकॉकस, हिस्टोप्लाझ्मा आणि बहुतेक ॲस्परजिलस त्याच्या टप्प्यात येतात. ॲस्परजिलस टेरियस मात्र त्याला दाद देत नाही. बाजारात ते दोन प्रमुख रूपांत मिळतं: जुनं साधं, म्हणजे डीऑक्सिकोलेट, आणि चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत बांधलेलं लायपोसोमल. लिपिड कॉम्प्लेक्स हा तिसरा प्रकार, त्याचा डोस साधारण ५ मिग्रॅ प्रति किलो.

सगळ्यात धोकादायक गोष्ट इथेच आहे. साध्याची वायल (औषधाची छोटी बाटली) ५० मिग्रॅची आणि लायपोसोमलचीही ५० मिग्रॅची. साध्याचा डोस रोज ०.७ ते १ मिग्रॅ प्रति किलो, लायपोसोमलचा ३ ते ५. साठ किलोच्या माणसाला म्युकरसाठी लायपोसोमल ३०० मिग्रॅ, म्हणजे सहा वायल लागतात. दुकानात लायपोसोमल संपलं म्हणून कोणी त्याच चिठ्ठीवर साध्याच्या सहा वायल दिल्या आणि त्या चढवल्या गेल्या, तर हृदय बंद पडू शकतं. साध्याचा डोस दिवसाला १.५ मिग्रॅ प्रति किलोच्या वर कधीच जाता कामा नये. चिठ्ठीवर नुसतं ‘ॲम्फोटेरिसिन ३०० मिग्रॅ’ लिहिणाऱ्या डॉक्टरांना दुकानदाराने फोन करून विचारावंच, त्यात अपमान कसला? वॉर्डात दोन्ही वायल एकाच ट्रेमध्ये ठेवू नयेत. सिस्टरनी डोस भरताना वजन, प्रकार आणि वायलची संख्या दुसऱ्या सिस्टरला मोठ्याने वाचून दाखवावी.

आता मिसळण्याची रीत. साध्या ॲम्फोटेरिसिनच्या ५० मिग्रॅ वायलमध्ये १० मिली स्टराइल वॉटर घालायचं, द्रव स्वच्छ दिसेपर्यंत हलवायचं आणि मग ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिली बाटलीत सोडायचं. चार ते सहा तासांत चढवायचं. नॉर्मल सलाइन नको, रिंगर लॅक्टेट नको. क्षार लागले की औषध साका होऊन खाली बसतं. शुगरच्या पेशंटला डेक्स्ट्रोज कसं द्यायचं, अशी शंका नातेवाइकांना येते, कधी कधी नव्या डॉक्टरांनाही येते. ५०० मिलीत साखर असते २५ ग्रॅम. तिच्यासाठी इन्शुलिन वाढवायचं, औषधाचं पाणी बदलायचं नाही.

लायपोसोमलच्या वायलमध्ये बहुतेक ब्रँडना १२ मिली स्टराइल वॉटर लागतं, त्यातून प्रति मिली ४ मिग्रॅ मिळतं. पाणी घातल्याबरोबर अर्धा मिनिट जोरात हलवायचं. हळू हलवलं तर गुठळ्या राहतात. सोबत आलेला ५ मायक्रॉनचा फिल्टर सिरिंजला लावूनच डेक्स्ट्रोजमध्ये सोडायचं. तो फिल्टर फालतू समजून डब्यात टाकून दिलेला बऱ्याचदा दिसतो. ३०० मिग्रॅ म्हणजे ७५ मिली औषध. ते २२५ मिली डेक्स्ट्रोजमध्ये घातलं की मिलीला एक मिग्रॅ होतं. दोन तासांत चढवायचं. त्याच लाइनमधून आधी सलाइन गेलं असेल तर लाइन डेक्स्ट्रोजने धुऊन घ्यायची, औषध संपल्यावरही पुन्हा धुवायची. देशी ब्रँडांची रीत मात्र एकसारखी नसते. फंगीसोम तर सलाइनमध्येच येतं आणि वापरण्याआधी त्याचं सोनिकेशन (ध्वनिलहरींनी घुसळणं) करावं लागतं. म्हणून ब्रँड बदलला की आतलं पत्रक पुन्हा वाचायचं, मग आधी शंभर वायल भरलेल्या असोत.

किडनी वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे औषधाआधी, वेगळ्या वेळी, ५०० ते १००० मिली नॉर्मल सलाइन. हृदय कमकुवत असेल तर एवढं पाणी सोसणार नाही, तिथे जपून. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही घसरतात. नुसतं पोटॅशियम भरत राहिलात आणि मॅग्नेशियम तपासलंच नाहीत, तर पोटॅशियम वर येतच नाही. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम निदान एक दिवसाआड बघायला हवं. तालुक्याच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियम होत नसेल, तर नमुना बेळगावला पाठवण्याची सोय पहिल्याच दिवशी लावून ठेवावी. थंडी-ताप हा साध्या ॲम्फोटेरिसिनचा नेहमीचा त्रास. अर्धा तास आधी पॅरासिटामॉल आणि ॲव्हिल (ॲलर्जीचं औषध), जास्त हुडहुडी भरली तर हायड्रोकॉर्टिसोन. तेवढ्यावरून ‘ॲलर्जी आली’ असं लिहून औषध बंद करण्याची घाई करू नये.

म्युकरबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. आपल्या मुलखात शुगर आहे, स्टेरॉइडचा सैल वापर आहे, आणि खानापूरच्या पावसातला कुजका पाचोळा, भिजलेल्या गवताच्या गंज्या, कारखान्यांबाहेरचे बगॅसचे (उसाच्या चोथ्याचे) ढीग इथे या बुरशीचे बीजाणू सहज असतात. धडधाकट माणसाचं त्याने काही बिघडत नाही. ज्याचं रक्त आंबट झालंय, ज्याच्या पांढऱ्या पेशी पडल्यात, त्याच्या नाकात ते रुजतात. गालाला बधिरपणा, एका बाजूची डोकेदुखी, नाकातून काळसर खपली, वरचे दात हलणं, डोळा सुजणं यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून नाकातला तुकडा काढून केओएच तपासणी (रसायन घालून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी बघणं) करून घ्यावी. सूक्ष्मदर्शकात रुंद, फितीसारखे, पडदे नसलेले तंतू दिसले की कल्चरची (प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघण्याची) वाट बघायची नाही. कल्चरसाठीचा तुकडा सलाइनमध्ये पाठवावा, फॉर्मालिनमध्ये नाही. आणि प्रयोगशाळेला सांगावं की तो वाटू नका, बारीक चिरा. वाटला की हे नाजूक तंतू मरतात आणि कल्चर खोटं निगेटिव्ह येतं. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवरच्या २००८ सालच्या एका अभ्यासात, निदानानंतर सहा किंवा अधिक दिवस ॲम्फोटेरिसिन लांबलेल्यांमध्ये बारा आठवड्यांतले मृत्यू सुमारे ८३ टक्के होते, वेळेवर मिळालेल्यांमध्ये सुमारे ४९. लायपोसोमल मिळेपर्यंत साधं सुरू करावं, रिकाम्या हाताने बसू नये. २०२१च्या उन्हाळ्यात देशभर लायपोसोमलचा तुटवडा पडला, तेव्हा साध्यानेच अनेक जण तगले. आणि औषध कितीही चांगलं असो, मेलेलं ऊतक शस्त्रक्रियेने काढलं नाही तर ते तिथपर्यंत पोचतच नाही, कारण ही बुरशी रक्तवाहिन्याच बुजवते.

खर्चाचा हिशोब साधा आहे: रोज सहा वायल, तीन आठवडे, म्हणजे १२६. हा आकडा पहिल्या दिवशीच घरच्यांना सांगावा. दहाव्या दिवशी पैसे संपून उपचार अर्धवट सोडण्यापेक्षा, सुरुवातीलाच जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी आरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णालयात हलवणं केव्हाही बरं. योजनेच्या पॅकेजमध्ये इंजेक्शनचा खर्च धरलाय की फक्त शस्त्रक्रियेचा, हे लेखी विचारून घ्यावं.

वायल कोल्हापूरहून किंवा बेळगावहून बसने मागवल्या जातात, त्याबद्दल एक सूचना. दोन ते आठ अंशांत ठेवायच्या वायल थेट बर्फाला टेकू देऊ नयेत. गोठलं की लायपोसोम फुटतात आणि औषध वाया जातं. जेल पॅक आणि वायल यांच्यामध्ये पुठ्ठा घालावा. डबा डिकीत टाकू नये, माणसासोबत आत ठेवावा.

व्होरिकोनॅझोलचं पारडं वेगळं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ॲस्परजिलसच्या रुग्णांपैकी बारा आठवड्यांनंतर व्होरिकोनॅझोलवरचे ७०.८ टक्के जिवंत होते, साध्या ॲम्फोटेरिसिनवरचे ५७.९ टक्के. तेव्हापासून फुफ्फुसातल्या ॲस्परजिलससाठी पहिला मान याचाच. पण इतकं कटकटीचं औषध या यादीत दुसरं नाही. पहिले दोन डोस ६ मिग्रॅ प्रति किलो, बारा तासांच्या अंतराने, मग त्याच अंतराने ४ मिग्रॅ प्रति किलो. साठ किलोला आधी ३६०, नंतर २४०. इंजेक्शन एकदम ढकलायचं नाही, एक ते दोन तासांत चढवायचं. गोळी जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर एक तासाने. चहा-बिस्किटांसोबत घेतली तरी शोषण घटतं. एकाच डोसवर एकाच्या रक्तात औषध कमी पडतं, दुसऱ्याच्या रक्तात विषारी पातळीला जातं, कारण यकृतातलं ते मोडणारं एन्झाइम जनुकांनुसार बदलतं. म्हणून चौथ्या ते सातव्या दिवशी, पुढच्या डोसच्या आधी रक्त काढून पातळी बघावी. ती १ ते ५.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली असावी. हा नमुना बहुधा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाला दिवस लागतात. तेवढं करायची तयारी नसेल तर आमच्या मते इसावुकोनॅझोल बरं.

व्होरिकोनॅझोलवर डोळ्यांपुढे रंग नाचणं, भास होणं हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं, नाहीतर बाहेरची बाधा समजून भलतीकडे धावाधाव होते. गोळी घेतल्यावर अर्धा-एक तास गाडी चालवू नये. शेतात उन्हात राबणाऱ्याची कातडी भाजते. पूर्ण बाह्या, टोपी आणि दुपारी सावली. लिव्हरच्या तपासण्या आणि ईसीजी चुकवू नयेत. किडनीचं क्लिअरन्स (रक्त गाळण्याचा वेग) ५०च्या खाली असेल तर इंजेक्शनऐवजी गोळी बरी, कारण इंजेक्शनमधलं विरघळवणारं द्रव्य शरीरात साठतं. आणि म्युकरवर याचा शून्य उपयोग. संशय दोन्हींचा असेल तर व्होरिकोनॅझोलने सुरुवात करणं ही मोठी चूक ठरते.

अथणी भागातल्या द्राक्षबागांवर टेब्युकोनॅझोल, हेक्साकोनॅझोल अशी फवारणी होते. ही रसायनं व्होरिकोनॅझोलच्याच, म्हणजे ॲझोल घराण्यातली. शेतातल्या ॲस्परजिलसला त्यांची सवय झाली की रुग्णाच्या छातीतही औषध चालत नाही. असा प्रतिरोधी ॲस्परजिलस भारतात २०१२ पासून नोंदवला गेला आहे. व्होरिकोनॅझोलची पातळी चांगली असून रुग्ण सुधारत नसेल, तर बुरशीची संवेदनशीलता तपासून घ्यावी.

इसावुकोनॅझोल २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ॲस्परजिलसवर ते व्होरिकोनॅझोलच्या तोडीचं ठरलं, त्रास कमी, आणि म्युकरवरही काम करतं. २०० मिग्रॅ दर आठ तासांनी सहा डोस, मग दिवसातून एकदा. जेवणाचं बंधन नाही, किडनीला जड जाणारं द्रव्य नाही. ईसीजीत क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातलं एक अंतर) वाढवण्याऐवजी हे ते कमी करतं, त्यामुळे जन्मजात लघु क्यूटी असलेल्याला देऊ नये. किमतीमुळे ते मागे पडतं, गुणामुळे नाही.

पोसाकोनॅझोलमध्ये एक फसवी गोष्ट आहे. गोळी आणि पातळ औषध यांचे डोस एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गोळी १०० मिग्रॅची, पहिल्या दिवशी तीन-तीन दोनदा, मग रोज तीन एकदाच, जेवणासोबत. कुटायची नाही, चावायची नाही. पातळ औषध तेला-तुपाच्या जेवणासोबतच घ्यायचं, आणि ॲसिडिटीची पँटोप्राझोल चालू असेल तर ते नीट शोषलंच जात नाही. नाकात नळी असलेल्या, पेज-पातळ घेणाऱ्या रुग्णाला त्या पातळ औषधावर सोडू नये. म्युकरमध्ये इंजेक्शन झाल्यावर पुढचे महिने चालवायला ही गोळी उत्तम. त्या काळात रक्तदाब चढणं आणि पोटॅशियम घसरणं एकत्र दिसलं तर कारण हीच गोळी असू शकते.

कॅस्पोफंगिन, मिकाफंगिन, ॲनिड्युलाफंगिन: आयसीयूतल्या कँडिडावर आमचा भर यांच्यावरच. कॅस्पोफंगिन पहिल्या दिवशी ७० मिग्रॅ, मग रोज ५०, एका तासात. मिकाफंगिन १००. ॲनिड्युलाफंगिन २००, मग १००. इथे पाण्याचा नियम उलटा होतो: कॅस्पोफंगिन डेक्स्ट्रोजमध्ये टिकत नाही, ते सलाइनमध्येच द्यायचं. एकाच वॉर्डात ॲम्फोटेरिसिन डेक्स्ट्रोजमध्ये आणि कॅस्पोफंगिन सलाइनमध्ये चालू असेल तर दोन्ही बाटल्यांवर मोठ्या अक्षरात लेबल हवं. ही औषधं लघवीत, डोळ्यात आणि मेंदूत पुरेशी पोचत नाहीत. क्रिप्टोकॉकस आणि म्युकरवर चालत नाहीत. कँडिडा ऑरिस ही कँडिडाची जात फ्लुकोनॅझोलला सहसा जुमानत नाही, म्हणून आयसीयूत कँडिडा म्हटलं की नुसत्या फ्लुकोनॅझोलवर विसंबू नये. गळ्यातली किंवा मांडीतली सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) काढावी, डोळ्याचा पडदा तपासावा आणि रक्ताचं कल्चर निगेटिव्ह आल्यापासून पुढे १४ दिवस मोजावेत.

क्रिप्टोकॉकसच्या मेंदुज्वरात जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एकाच डोसची पद्धत पुढे आणली: लायपोसोमल १० मिग्रॅ प्रति किलो फक्त पहिल्या दिवशी, सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन १०० मिग्रॅ प्रति किलो चार भागांत आणि फ्लुकोनॅझोल १२०० मिग्रॅ. ज्या आफ्रिकी चाचणीवर हे उभं आहे, तिच्यात दहा आठवड्यांतले मृत्यू २४.८ टक्के होते, तुलनेच्या गटात २८.७. पन्नास किलोच्या रुग्णाला एकदाच दहा वायल. रोज ३ मिग्रॅ प्रति किलोने चौदा दिवस दिलं असतं तर बेचाळीस. अडचण फ्लुसायटोसिनची, ते तालुक्याच्या दुकानात सहज मिळत नाही. ते नसेल तर हा एक डोस पुरेसा समजू नये, लायपोसोमल चौदा दिवस चालवावं. पुढे फ्लुकोनॅझोल आठ आठवडे ८०० मिग्रॅ. १२०० मिग्रॅ म्हणजे दीडशेच्या आठ गोळ्या रोज. ‘डॉक्टरसाहेब, एवढ्या चुकून तर लिहिल्या नाहीत ना?’ असं घरचे विचारतात आणि चार गोळ्यांवर आणतात. चिठ्ठीवर ‘दिवसाला आठ, बरोबर आहे’ असं मराठी किंवा कन्नडमध्ये लिहून द्यावं. पाठीतून पाणी काढून दाब कमी करणं या औषधांइतकंच जीव वाचवतं. एचआयव्हीची औषधं नव्याने सुरू करायची असतील तर त्यासाठी चार ते सहा आठवडे थांबावं.

न्यूमोसिस्टिस या फुफ्फुसातल्या बुरशीला यातलं काहीच नेमून देत नाहीत. त्याच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नसतं, तिथे औषध को-ट्रायमोक्साझोल, २१ दिवस.

आपल्याकडे टीबी आणि बुरशी एकाच छातीत सापडतात, म्हणून रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाची गोष्ट कोरून ठेवावी. ती चालू असताना व्होरिकोनॅझोल आणि इसावुकोनॅझोल यांची रक्तातली मात्रा ९० टक्क्यांहून जास्त पडते. डोस वाढवून भागत नाही. रिफाम्पिसिन बंद केल्यावरही हा परिणाम सुमारे दोन आठवडे राहतो. टीबीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून आणि बुरशीच्या खासगीतून मिळत असतील, तर दोन्हीकडच्या चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. किडनी बदललेल्याचं उलट होतं: व्होरिकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल सुरू करताना टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध) एक तृतीयांशावर आणावं लागतं आणि पातळी बघत राहावी लागते. कोर्स संपून ॲझोल बंद झालं की टॅक्रोलिमस त्याच कमी डोसवर राहून जातं आणि काही आठवड्यांत शरीर ती किडनी नाकारू लागतं. म्हणून ॲझोलची शेवटची गोळी कधी, त्यानंतर टॅक्रोलिमसची पातळी कोणत्या तारखेला, आणि वाढीव डोस कोण ठरवणार, हे तिन्ही डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय निपाणीची बस पकडू नये.